कलासंस्थेचा आराखडा माणसांच्या तासांपासून सुरू व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वयंसेवी कलासंस्थांच्या भवितव्याबद्दल आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख वाचला. अशा संस्थांनी पाच वर्षांचा आराखडा करावा, ध्येयवाक्य लिहावं, उद्दिष्टांना आकडे लावावेत आणि देणगीदारांपुढे व्यावसायिक तयारीने जावं, असा त्याचा सूर होता. आराखडा हवा, याबद्दल माझं दुमत नाही. तो नसल्यामुळे चांगल्या संस्था हळूहळू मिटत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पण त्या लेखातला सगळा हिशेब पैशाचा आणि प्रेक्षकसंख्येचा होता. ज्यांच्या जिवावर हे काम चालतं, त्या माणसांकडे आठवड्याचे किती तास आहेत, हा प्रश्न त्यात कुठेच आला नाही. माझ्या मते आराखडा तिथूनच सुरू व्हायला हवा. त्याबद्दल लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, तरी छापावं ही विनंती.

मी निवृत्त मेट्रन आहे. नोकरीतली बरीच वर्षं परिचारिकांच्या ड्यूट्या लावण्यात गेली. निवृत्तीनंतर एका कलारसग्रहण संस्थेत आले. आमची संस्था कोणाला चित्र काढायला शिकवत नाही की गाणं शिकवत नाही. चित्र बघायचं कसं, बंदिश ऐकताना कान कुठे ठेवायचा, शिल्पाभोवती फिरून काय पाहायचं, एवढंच आमचं काम. मासिक व्याख्यानं, श्रवणसत्रं, शाळांमधले चित्रवाचनाचे तास आणि संग्रहालयांच्या भेटी असं त्याचं स्वरूप आहे. पगारी माणूस एकही नाही. स्वयंसेवकांचं वेळापत्रक माझ्याकडे असतं.

आमच्या संस्थेनेही मागे एकदा रीतसर आराखडा करून घेतला होता. एका देणगीदाराने सल्लागार दिला. माणूस मनापासून काम करणारा होता, सगळ्यांशी बोलला, आणि शेवटी त्याने एक देखणं पुस्तक हातात ठेवलं. पाच वर्षांत श्रोते दुप्पट, शाळा तिप्पट, एक पॉडकास्ट, एक फिरतं प्रदर्शन, वार्षिक महोत्सव आणखी मोठा. शेवटी तक्ता होता: काम, मुदत, खर्च, जबाबदारी. ‘जबाबदारी’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, ‘स्वयंसेवक’. तो तक्ता मी घरी आणला आणि त्या शब्दाच्या जागी पेन्सिलीने खरी नावं लिहायला बसले. पहिलं पान संपायच्या आत तीच सहा-सात नावं फिरून फिरून यायला लागली. त्यांतल्या एकीची आई अंथरुणाला खिळलेली होती. एकाची बदली होऊ घातली होती. वॉर्डात असा रोस्टर लावला असता तर पंधरा दिवसांत निम्म्या जणी आजारपणाच्या रजेवर गेल्या असत्या. कार्यकारिणीच्या सभेत मी तो नावांचा तक्ता सगळ्यांपुढे ठेवला. त्यावर फारशी चर्चा करावीच लागली नाही.

दीड तासाच्या व्याख्यानामागे किती काम असतं, हे समोर बसणाऱ्याला कळायचं कारण नाही, पण आराखडा करणाऱ्याला कळलं पाहिजे. ‘आधुनिक चित्रकला’ एवढा मोठा विषय घेऊन येणाऱ्या वक्त्याला चार चित्रांवर आणणं, हेच कधीकधी आठवडाभराचं काम असतं. मग सभागृहाची तारीख, सभासदांना निरोप, आणि चांगल्या प्रतीच्या प्रतिमा मिळवणं. हे शेवटचं काम आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ पासून आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींच्या उत्तम प्रतिमा सगळ्यांना मुक्तपणे वापरायला दिल्या. हयात चित्रकारांच्या चित्रांना मात्र परवानगीचं पत्र लागतंच, आणि ते मिळवायला पाठपुरावा लागतो. त्यानंतर येतो प्रोजेक्टर. त्याचा रंग जरा पिवळ्याकडे झुकलेला असला, तर वक्ता निळ्या छटांबद्दल कितीही जीव तोडून बोलला तरी समोरच्याला त्या दिसत नाहीत. त्यामुळे कोणीतरी आदल्या दिवशी जाऊन, खोली अंधारी करून, वक्त्याची चित्रं एकेक लावून बघावी लागतात. शेवटच्या रांगेतून अक्षरं वाचता येतात का, ध्वनिफीत लावली की आवाज फाटतो का, कानाने अधू असलेल्या सभासदांना पुढे जागा आहे का, चाकाच्या खुर्चीला उतार आहे का, हेही तेव्हाच बघायचं. सगळे तास जोडले तर एका संध्याकाळीमागे तीस-चाळीस तास जातात. शाळेतल्या एका सत्रामागे त्याहून कमी, पण ते कामाच्या दिवशी भर दुपारी द्यावे लागतात, त्यामुळे ते तास मिळणं जास्त अवघड.

म्हणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक स्वयंसेवकाला एक चिठ्ठी दिली. येत्या वर्षात आठवड्याला किती तास देऊ शकाल, कोणते वार, कोणती वेळ, आणि कोणतं काम नको. ‘जमेल तसं येईन’ हे उत्तर स्वीकारायचं नाही, असं ठरवलं होतं. महिन्यातून दोनच तास असतील तर दोन लिहा, पण लिहा. काहींना हे रुक्ष वाटलं. सेवाभावाने येणाऱ्याकडून असा हिशेब घ्यायचा नसतो, असं एका ज्येष्ठ सभासदांनी मला स्पष्ट सांगितलं. मला ते पटलेलं नाही. ज्याचा वेळ आपण फुकट घेतो, त्याच्या वेळेचा हिशेब पैशापेक्षा जास्त काटेकोरपणे ठेवला पाहिजे. तो वेळ वाया गेला तर त्याची भरपाई करायला आपल्याकडे काही नसतं.

चिठ्ठीतला शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा निघाला. ज्या निवृत्त इंजिनिअर गृहस्थांना आम्ही कायम माइक आणि वायरींच्या मागे धाडत होतो, त्यांनी लिहिलं होतं, ‘तांत्रिक काम नको, मुलांशी बोलायला आवडेल.’ ते आज आमच्या शाळेच्या सत्रांतले सगळ्यांत चांगले मार्गदर्शक आहेत. स्वागताच्या टेबलावर हसतमुखाने बसणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘लोकांसमोरचं काम नको.’ त्यांनी आमची विस्कटलेली प्रतिमांची सूची ओळीने लावून दिली. चित्रकार, माध्यम, काल, कुठल्या संग्रहातलं, परवानगी आहे की नाही, सगळं. ही माणसं आमच्यातच होती. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

सगळे तास मांडून झाल्यावर त्यांतला एक चतुर्थांश वाटा आम्ही कोणत्याच कामाला लावला नाही. मुलांच्या परीक्षा, घरातली आजारपणं, अचानक आलेले पाहुणे, या गोष्टी होणारच असतात. त्या होणार नाहीत असं धरून केलेला आराखडा पहिल्या तिमाहीतच कोलमडतो. उरलेल्या तासांत सल्लागाराच्या यादीतलं निम्मंही काम बसत नव्हतं. मग काय सोडायचं, हा प्रश्न आपोआप पुढे आला. संस्थेच्या आराखड्यातला खरा निर्णय हाच असतो, आणि तो टाळण्यासाठीच बहुतेक आराखडे जाडजूड केले जातात, असं माझं मत आहे.

सोडायचं ठरवायला आधी आपण कशासाठी आहोत हे नक्की लागतं. या बाबतीत फिल्म सोसायट्यांचा इतिहास प्रत्येक कलासंस्थेने वाचावा असा आहे. लंडनमध्ये १९२५ साली फिल्म सोसायटी सुरू झाली. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ साली भारतातल्या अशा सोसायट्यांचा महासंघ झाला. चित्रपटगृहांत न लागणारे, देशोदेशीचे चांगले चित्रपट सभासदांना दाखवणं हे त्यांचं काम, आणि ते बहुतांशी हौशी, विनामोबदला काम करणाऱ्यांनी पेललं. रिळांच्या पेट्या मिळवणं, वेळेत परत पाठवणं, पडदा, यंत्र, सगळं. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या वाढल्या, डीव्हीडी आणि इंटरनेट आलं. ‘इतरत्र न मिळणारा चित्रपट दाखवणं’ एवढंच ज्यांनी आपलं काम मानलं होतं, त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. चित्रपट तर घरी मिळू लागला. पण चित्रपट संपल्यावर दिवे लागतात, कोणीतरी उठून विचारतं की तो शेवटचा शॉट इतका लांब का ठेवला असेल, आणि त्यावर तासभर वाद होतो, हे घरी मिळत नाही. ज्या मंडळांनी हेच आपलं मुख्य काम मानलं, त्यांना पुढे जायला वाट राहिली.

आमच्या संस्थेत हा प्रश्न वार्षिक महोत्सवाच्या रूपाने आला. महोत्सव म्हणजे संस्थेचा मानबिंदू. नामवंत कलाकार, गच्च भरलेलं सभागृह, वर्तमानपत्रात छायाचित्र. पण तासांच्या तक्त्यात बघितलं तर वर्षातले जवळजवळ निम्मे तास या एका महोत्सवात जात होते. त्यांतून रसग्रहण किती होत होतं? कार्यक्रम ऐकून लोक खूश होऊन घरी जात, पण तसे ते कोणत्याही चांगल्या मैफलीहूनही जातात, आणि मैफली भरवणाऱ्या इतर संस्था आहेत. महोत्सवानंतरचे दोन महिने आमचे स्वयंसेवक इतके थकलेले असत की शाळांची सत्रं रद्द करावी लागत. मी महोत्सव बंद करण्याच्या बाजूने बोलले. सभा वादळी झाली. शेवटी तो थांबवण्याचा ठराव झाला, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. काही जुने सभासद सोडून गेले, एका देणगीदाराने हात आखडता घेतला. ती तूट अजून पूर्ण भरून निघालेली नाही. शाळांची सत्रं मात्र आता रद्द होत नाहीत.

त्या सत्रांत काय घडतं, ते सांगते. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला आम्ही जपानी चित्रकार होकुसाईचं प्रसिद्ध लाटेचं चित्र दाखवलं. साधारण १८३१ सालचं लाकडी ठशांवरून छापलेलं चित्र आहे. आमची पद्धत अशी की मार्गदर्शकाने आधी काहीही सांगायचं नाही. चित्रकाराचं नाव नाही, काळ नाही. मुलांनी नुसतं बघायचं. मग फक्त तीन प्रश्न: या चित्रात काय चाललं आहे, तुला ते कशावरून वाटलं, आणि आणखी काय दिसतं. ही पद्धत आमची नाही. मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन यांनी ती विकसित केली. साधी वाटते, पण चालवायला फार कठीण आहे, कारण गप्प राहायला शिकावं लागतं. पहिल्यांदा सगळी मुलं ‘लाट, लाट’ म्हणाली. मग कोणीतरी म्हणालं, मागे अजून एक छोटी लाट आहे. ‘कशावरून?’ असं विचारल्यावर तो बघत राहिला आणि म्हणाला, नाही, तो डोंगर आहे, वर बर्फ आहे. वर्गात एकदम गलका झाला. एवढा मोठा डोंगर लाटेहून लहान कसा, यावर वाद सुरू झाला. आणि बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘होडीत माणसं आहेत. वाकून बसलीत.’ तोवर कोणालाच ती दिसली नव्हती. मग मुलांनी होड्या मोजल्या, तीन. माणसं घाबरली आहेत की त्यांना लाट कशी पार करायची हे माहीत आहे, यावर तास संपला. फुजी पर्वताचं नाव शेवटच्या पाच मिनिटांत सांगितलं.

आता या सत्राची नोंद देणगीदाराच्या अर्जात कशी होते? ‘लाभार्थी विद्यार्थी : चाळीस.’ संपलं. आराखड्यात उद्दिष्ट म्हणून ‘चाळीसचे एकशेवीस’ लिहिलं की ते गाठायचा सोपा मार्ग म्हणजे तीन वर्ग एका सभागृहात बसवणं. मग मागच्या बाकावरच्या मुलीचं वाक्य कोणाला ऐकू येणार? म्हणून आम्ही मोजायच्या गोष्टी बदलल्या. एका चित्रासमोर वर्ग किती वेळ टिकला, किती वेगवेगळ्या मुलांनी तोंड उघडलं, मुलांनी बघितलेली कोणती गोष्ट मार्गदर्शकाला आधी दिसली नव्हती, आणि शिक्षकांनी पुन्हा बोलावलं का. मार्गदर्शकाबरोबर जाणारी दुसरी व्यक्ती हे वहीत लिहून आणते. ती मापं काटेकोर आहेत असा माझा दावा नाही. पण त्यांच्यामागे धावून काम बिघडत नाही, आणि मापाबद्दल मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं.

स्वयंसेवक कोण होऊ शकतं, हा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो, आणि त्याबद्दल आपल्या लेखात एक ओळ तरी हवी होती. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये लोकांना चित्रं समजावून देणाऱ्या स्वयंसेवकांची मोठी परंपरा होती. ही मंडळी दीर्घ प्रशिक्षण घेऊन तयार झालेली होती आणि अनेकांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये संग्रहालयाने ८० हून अधिक कार्यरत स्वयंसेवकांना पत्र पाठवून हा उपक्रम बंद केल्याचं कळवलं. पुढे हे काम पगारी शिक्षकांकडे द्यायचं, असा त्यामागचा विचार होता. मोठा गदारोळ झाला. संग्रहालयाचं म्हणणं पूर्ण चुकीचं होतं असं मला वाटत नाही. दिवसा, फुकट, इतका वेळ देणं ज्यांना परवडतं अशीच माणसं तिथे येत होती, आणि त्यामुळे सगळे मार्गदर्शक बहुतांशी एकाच थरातले झाले होते. हे खरं दुखणं आहे, आणि ते आमच्याकडेही आहे. आमच्या स्वयंसेवकांची यादी बघितली तर निवृत्त आणि सुस्थितीतली माणसंच जास्त. पण इतक्या वर्षांचं जाणतेपण एका पत्राने घरी पाठवायचं, ही पद्धत मला मान्य नाही. जुन्यांनी नव्यांना हाताशी घेऊन, दोन-चार वर्षांत बदल घडवता आला असता. आराखड्याला मुदत असते ती यासाठीच.

आम्ही आमच्यापुरता प्रयत्न करतो आहोत. प्रशिक्षण संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी ठेवलं. प्रवासखर्च प्रत्येकाला द्यायचा, ज्याला नको त्यालाही. मागावा लागला की गरजू माणूस मागत नाही आणि मग येणंच थांबवतो. लहान मूल घेऊन आलं तरी चालेल, असं सांगायला लागलो. अंदाजपत्रकात हा खर्च पहिल्या क्रमांकावर आहे, व्याख्यात्याच्या मानधनाच्याही वर. यावर अजून कुरकुर होते.

संस्था टिकायची तर माणसं बदलत राहणार हे धरून चालावं लागतं. या बाबतीत स्पिक मॅकेची रचना मला शिकण्यासारखी वाटते. १९७७ साली आयआयटी दिल्लीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी विद्यार्थ्यांना अभिजात संगीत आणि नृत्याची गोडी लागावी म्हणून ही चळवळ सुरू केली आणि ती विद्यार्थी स्वयंसेवकांच्या बळावर देशभर पसरली. विद्यार्थी म्हणजे तीन-चार वर्षांत जाणारा माणूस. दरवर्षी जुने जाणार आणि नवे येणार, हे तिथे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. आमच्यासारख्या संस्थांत उलट असतं. एकच चिटणीस वीस वर्षं राहतात, सगळं त्यांच्या डोक्यात असतं, आणि ते एक दिवस आजारी पडले की सभागृहाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हेही कोणाला ठाऊक नसतं.

रुग्णालयात पाळी संपली म्हणून कोणी तसंच निघून जात नाही. येणारीला ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे रुग्णांची सगळी माहिती सोपवल्याशिवाय, वॉर्ड सोडता येत नाही. तीच सवय मी संस्थेत लावली. प्रत्येक कामाची एक वही आहे. व्याख्यानांच्या वहीत कोणत्या वक्त्याला कसा माइक लागतो, कोणाला प्रश्नोत्तरं आवडत नाहीत, कोणत्या सभागृहात पडद्यावर उजवीकडून उजेड येतो, कोणाला फोन करायचा आणि किती वाजल्यानंतर करायचा नाही, हे सगळं आहे. संगणकाचे पासवर्ड एका बंद पाकिटात अध्यक्षांकडे असतात. प्रत्येक पदाला तीन वर्षांची मुदत आहे आणि शेवटच्या वर्षी पुढची व्यक्ती बरोबर बसते. माझ्या जागी येणाऱ्या मुलीने आत्ताच वेळापत्रकाची वही तिच्या पद्धतीने लिहायला घेतली आहे. ती माझ्यापेक्षा सुटसुटीत लिहिते.

सभासदांना नुसतं खुर्चीत बसवू नये, हेही आराखड्यात असावं. ब्रिटनमध्ये १९६८ साली स्थापन झालेली आणि २०१७ साली ‘द आर्ट्स सोसायटी’ असं नाव घेतलेली संघटना याचं चांगलं उदाहरण आहे. तिथल्या स्थानिक मंडळांत व्याख्यानं होतात, पण त्याबरोबर सभासदांनी जुन्या वाड्यांतल्या ग्रंथालयांची पुस्तकं मऊ ब्रशने एकेक करून साफ केली, चर्चमधल्या लाकूडकामाच्या, काचचित्रांच्या, विणकामाच्या तपशीलवार नोंदी केल्या. एखाद्या काचचित्राचं वर्णन लिहायला बसलं की ते किती नीट बघावं लागतं, याचा विचार करा. त्या कामाने वारसा जपला जातो आणि जपणाऱ्याची नजरही तयार होते. आमच्या प्रतिमांच्या सूचीवर काम करणाऱ्या बाई आता व्याख्यान ऐकून वक्त्याला चित्राचं माध्यम चुकलं असल्याचं नम्रपणे सांगतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. काही महिन्यांचा खर्च निघेल एवढी गंगाजळी बाजूला असावी. मुलांबरोबर काम करताना कोणताही स्वयंसेवक एकटा जाऊ नये, त्याची आधी चौकशी व्हावी, यात ओळखपाळख बघू नये. आणि दरवर्षी एकदा आराखडा उघडून त्यातली न जमलेली कामं सरळ खोडावीत.

आमचा आताचा आराखडा दोन पानांचा आहे. तो सल्लागाराने नाही, ज्यांचे तास त्यात मांडले आहेत त्यांनीच लिहिला. त्यात पॉडकास्ट नाही. ते ज्यांना करायचं होतं त्यांना मी नाही म्हटलेलं नाही. दोन माणसांचे वर्षभराचे तास दाखवा आणि करा, एवढंच सांगितलं आहे.

देणगीदारांना माझी विनंती आहे. रंगीत फलक, स्मृतिचिन्हं आणि उद्घाटनं यांच्यासाठी पैसे सहज मिळतात. स्वयंसेवकांचा प्रवासखर्च, प्रशिक्षण, आणि त्यांचं काम एका सूत्रात बांधणारा अर्धवेळ पगारी समन्वयक यांच्यासाठी मागितले की ‘हा प्रशासकीय खर्च झाला’ असं ऐकावं लागतं. फुकट काम करणाऱ्या माणसांना सांभाळायला पैसा लागतो. तो कोणी दिला नाही तर ती माणसं निघून जातात, तक्रार न करता.

आणि एक विनंती आपल्या दैनिकाला. आमच्यासारख्या संस्थांच्या बातम्या आपण देता, त्याबद्दल आभार. पण त्या बातमीत प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि आभार मानणारे, एवढंच येतं. त्या संध्याकाळी कोणतं चित्र दाखवलं, कोणता राग ऐकला, त्याबद्दल वक्त्याने काय सांगितलं, यातलं काहीच येत नाही. पाहुण्यांची नावं गाळावी लागली तरी चालतील, पण यापुढे प्रत्येक बातमीत निदान दोन ओळी त्या कलाकृतीबद्दल द्याव्यात. बातमीसोबत तेवढा मजकूर आणि परवानगी असलेली प्रतिमा आमच्याकडून वेळेत मिळेल, आणि इतर संस्थांनाही मी तसं कळवणार आहे.

आपली,
एका कलारसग्रहण संस्थेची कार्यकर्ती
(निवृत्त मेट्रन)